उद्या काढायची ओळ

तो मला पहिल्यांदा दिसला तो जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, धापा टाकताना. जिन्यात, कारण आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. शहरातल्या बेचाळीस इमारतींच्या लिफ्ट आमच्या भरवशावर वर-खाली होतात. आमची स्वतःची तेवढी होत नाही, कारण तिची तक्रार कोणी नोंदवायची यावर तीन वर्षं एकमत झालेलं नाही.

खांद्याला ओली बॅग, बाहेर बारीक पाऊस लागलेला, चष्म्यावर वाफ. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि तो परत चढवताना माझं लक्ष त्याच्या कानांकडे गेलं. मी लोकांच्या कानांकडे बघत हिंडणारी बाई नाही, हे इथेच सांगून ठेवते. पण ते कान… जरा बाहेर आलेले, टोकाशी लालसर, नुकतंच कोणीतरी रागावल्यासारखे.

"किती मजले राहिले?" त्याने विचारलं.

"एकच. पण तो मोठा आहे."

तो हसला. हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, "इथे नेटवर्क येत नाही का?"

"जिन्यात नाही येत. ऑफिसचं वाय-फाय घ्या ना," मी म्हटलं, आणि त्याने मागितलाही नव्हता तो पासवर्ड सांगून टाकला. नुसता सांगितला नाही. पहिलं अक्षर मोठं आहे, हेही नीट समजावलं.

टाइप करता करता तो थांबला. "तुम्ही मला ओळखता?"

"नाही."

"बरं…" तो म्हणाला, आणि कानांची टोकं आणखी लाल झाली. मला वाटलं, लाजला.

तासाभराने मोठ्या साहेबांनी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. त्यांच्या शेजारी कान.

"हे तपासनीस," साहेब म्हणाले. "आपलं मोबाइल ॲप आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यात जे काही येतं-जातं, ते मधल्यामध्ये कोणाला वाचता येतं का, हे ते पाच दिवस बघणार आहेत. काय हो, सुरुवात झाली का?"

"झाली," तो वहीत बघत म्हणाला. "नोंद क्रमांक एक. वाय-फायचा पासवर्ड अनोळखी माणसाला जिन्यात मिळाला. मागावा लागला नाही."

"कोणी दिला?"

तो क्षणभर वहीतच बघत राहिला. "जिन्यात अंधार होता."

आमच्या जिन्याला भिंतभर खिडकी आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाने एकेकदा माझ्याकडे बघून घेतलं. मी रिकाम्या कपातून कॉफी पीत होते.

ते ॲप मी लिहिलेलं. आमचे दुरुस्तीवाले घरूनच कामाला निघतात. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकली, तिच्या मोटारीचा नकाशा कुठला, आणि त्या इमारतीचं दार कुठल्या आकड्यांनी उघडतं, हे त्यांना फोनवर ॲपमध्ये दिसतं. म्हणून तपासनिसाला बसायला जागा दिली ती माझ्याच टेबलाच्या टोकाला. सोमवारभर मी त्याच्याकडे बघितलं नाही. मंगळवारी सकाळी त्याने बॅगेतून साबणाच्या डबीएवढं एक काळं यंत्र काढलं, चार्जरला लावलं आणि विचारलं, "अजून रागावलाय?"

"रागावले नाही. लाज वाटतेय."

"मला पण जरा वाटली. इतक्या सहज कोणी देत नाही हो. बाकी ठिकाणी निदान कुरिअरवाला व्हावं लागतं."

"ॲपचं तसं नाही," मी म्हटलं. माणूस पडला की पडल्या पडल्या जवळचं काहीतरी उंच धरतो, तसं मी ॲप धरलं. "ॲप कोणावर विश्वास ठेवत नाही. समोर आपलाच सर्व्हर आहे ना, हे आधी ओळखपत्र बघून तपासतं. मगच बोलतं."

"नक्की?"

"मी लिहिलंय."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि हसताना त्याच्या डाव्या गालावर काहीतरी झालं.

हे जे झालं ते मला ताबडतोब वहिनीला कळवावं लागलं. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आमच्याच कंपनीत तळमजल्याच्या गोदामात असते, दोर-बटणं-कप्प्या गाड्यांत भरून देते. तिचं आणि दादाचं मीच जुळवलं होतं. त्याचा सूड ती रोज थोडा थोडा उगवते. टेबलावर स्वतःचा फोन वापरायला आमच्याकडे बंदी आहे. पण कंपनीच्या फोनवर ॲप असतं, आणि ॲपमध्ये ‘दोर संपला’, ‘बटण पाठवा’ असं कळवायला एक गप्पांचा कोपरा आहे. त्या कोपऱ्याचा सर्वांत जास्त वापर नणंद-भावजय करतात.

"वर दोन कान आलेत," मी लिहिलं. "फार छान आहेत."

"कानांना माणूस आहे का?"

"आहे. निळा शर्ट. केळं सुरीने कापून खातो."

"सोडून दे."

"हसला की डाव्या गालावर खळी पडते."

"मग सोडू नकोस. लग्न झालंय का विचार."

"तू विचार."

"मी गोदामातून विचारू? भोंगा लावून?"

"पांढऱ्या शर्टात कसा दिसेल गं?"

"नणंदबाई, कामं करा," वहिनीने लिहिलं, आणि खाली लगेच, "पांढऱ्यात अजून बरा दिसेल."

बुधवारी तो पांढरा शर्ट घालून आला. दुपारी त्याने केळं काढलं, सुरीही काढली, मग सुरी परत ठेवली आणि हाताने सोलून खाल्लं, जरा संकोचत, पहिल्यांदाच करत असल्यासारखं. मी वहिनीला कळवलं. वहिनी म्हणाली, हा तुझ्या मनातलं ओळखतो. एकोणतीस वर्षांची इंजिनिअर झालेली मी… मला ते पटलं.

त्या दिवशी पाऊस जोरात होता. तो ओले बूट काढून टेबलाखाली पाय लपवून बसला होता. मी वहिनीला लिहिलं, "डाव्या मोज्याला भोक आहे. अंगठा जग बघतोय. पण मला चालेल."

"तुमच्या ॲपला एक सवय आहे," तो अचानक म्हणाला. स्क्रीनवरून नजर न काढता.

"काय?"

"फार मोकळं बोलतं."

"चांगलंच आहे की."

"हो," तो म्हणाला. "म्हणजे… ऐकायला चांगलं वाटतं." पुढे काहीतरी म्हणणार होता, पाणी प्यायला उठून गेला. मोज्यांवरच.

गुरुवारी तो नव्या मोज्यांत आला. पिवळ्याधमक. मी टेबलाखाली बघितलं, त्याने मी बघितलेलं बघितलं, आणि दोघेही फार वेळ आपापल्या कीबोर्डकडे बघत बसलो. माझ्या छातीत जे काही होत होतं त्याला मी नशीब असं नाव दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो म्हणाला, "जरा छोट्या खोलीत येता? लॅपटॉप घेऊन."

छोट्या खोलीचं दार नीट लागत नाही. त्याने खुर्ची लावून ते बंद केलं, काळी डबी टेबलावर ठेवली. कान पांढरे पडले होते. ते पांढरे पडतात हे मला माहीत नव्हतं.

"सोमवारी तुम्ही पासवर्ड दिलात," तो म्हणाला. "त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं वाय-फाय मी या डबीतून सुरू केलं. फोनना वाटलं, ऑफिसच आहे. येऊन चिकटले. इथवर ठीक, फोन भोळेच असतात. पण मग ॲपने तरी विचारायला हवं होतं, बाबा रे, तू कोण? मी खोटं ओळखपत्र दाखवलं…"

"आणि ॲपने हाकलून दिलं."

"ॲपने बघितलंच नाही."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. इमारतींची नावं, पुढे दारांचे आकडे. एकाखाली एक. बेचाळीस. ऑफिसबाहेर रस्त्यावर, चहाच्या दुकानात, कुठेही कोणी अशी डबी लावली असती तरी त्याला हे दिसलं असतं. मी माझा लॅपटॉप उघडला, ती जागा शोधली. शोधायला वेळ लागला नाही. आपण कुठे काय पुरलंय हे आपल्याला माहीत असतं. ओळखपत्र तपासू नकोस, असं सांगणारी एक ओळ. तिच्यावर माझ्याच शब्दांत टीप: ‘तात्पुरतं. चाचणीचा सर्व्हर नीट झाला की उद्या काढते.’ शेजारी तारीख. तो उद्या येऊन दोन वर्षं चार महिने होऊन गेले होते.

मला वाटलं, याच्यापेक्षा जास्त लाज माणसाला वाटू शकत नाही. मग मी त्याच्या स्क्रीनवर आकड्यांच्या खाली बघितलं.

‘वर दोन कान आलेत. फार छान आहेत.’

खोलीत पंख्याचा आवाज होता. एवढा मोठा पंखा आहे हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मंगळवारपासून."

"शर्ट?"

त्याने कॉलर सारखी केली.

"केळं?"

"हो."

"मोजे?"

"…मोजे पण."

"तुम्हाला मजा वाटली असेल."

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, खोटं कशाला बोलू… आनंद झाला. फार. पण पहिला मेसेज दिसला तेव्हाच मी थांबायला हवं होतं, तिथल्या तिथे तुम्हाला सांगायला हवं होतं. एवढं मोठं भोक सापडलं की त्याच तासाला कळवायचं असतं, तो नियमच आहे. मी दोन दिवस थांबलो. ते आकडे दोन दिवस आणखी उघडे राहिले. का, तर तिसऱ्या दिवशी माझ्याबद्दल काय लिहून येतंय ते बघायला."

मला त्याला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. पण लागेलसं बोलायला माणूस थोडा तरी उंचावर असावा लागतो, आणि मी त्या ओळीसमोर बसले होते.

"अहवालात काय टाकणार?" मी विचारलं.

"आकड्यांचा पुरावा पुरेल. बाकीचं पुसून टाकलंय. हे तुम्हाला दाखवण्यापुरतं ठेवलं होतं." त्याने ते माझ्यासमोर पुसलं. "ओळ कोणी लिहिली, हे मी लिहीत नाही. भोक दाखवणं एवढंच माझं काम. कोणी पाडलं ते कंपनीने बघायचं."

आता, आमच्या कंपनीची एक रीत आहे. चूक नेहमी सोडून गेलेल्या माणसाची असते. कोणी राजीनामा दिला की निरोपाचा केक कापला जातो, आणि केक संपेपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या चुका त्याच्या नावावर चढलेल्या असतात. यात कोणाला वाईट वाटत नाही, कारण आपण गेल्यावर आपलंही तेच होणार हे सगळ्यांना माहीत असतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तपासनिसाने दारांचे आकडे दाखवले. साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सवयीने विचारलं, "हे त्या आधीच्या बाईंचं ना? गेल्या वर्षी सोडून गेल्या त्या?"

कोणीतरी "असेल" म्हणालं. आणखी कोणीतरी मान हलवली.

"मग त्यांच्या नव्या ऑफिसला एक पत्र जायला हवं," साहेब म्हणाले. "असं काम करणारी माणसं कुठे आहेत ते लोकांना कळलं पाहिजे."

त्या बाईंनी मला हे काम शिकवलं होतं. जाताना स्वतःची वही देऊन गेल्या होत्या. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘तात्पुरतं असं काही नसतं.’ मी गप्प बसले. किती वेळ ते मला नक्की सांगता येईल, कारण समोर घड्याळ होतं. बावीस सेकंद. त्या बावीस सेकंदांची लाज मला त्या ओळीपेक्षा जास्त आहे, आणि ती कुठल्याही अहवालात नाही.

"साहेब, ओळ माझी आहे," मी म्हटलं. "जिन्यातला पासवर्डही मीच दिला. तिथे अंधार नव्हता."

कोणीतरी खुर्ची सरकवली. मी मान वर केली नाही. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून त्याचा आवाज आला.

"माझीही एक नोंद राहिलीय. हे मला मंगळवारी सापडलं. सांगितलं गुरुवारी. कारण कामाचं नव्हतं."

"मग काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"खासगी," तो म्हणाला, आणि कान असे पेटले की साहेबांनी पुढे विचारलं नाही. खोलीतल्या बाकीच्यांनी पुन्हा एकेकदा माझ्याकडे बघून घेतलं.

मला काढलं नाही. ॲप दुसऱ्या कोणाला येत नाही. आमच्याकडे शिक्षा म्हणतात ती हीच. ओळ मी त्याच संध्याकाळी काढली. पण आकडे बदलायचे होते, आणि ते मी स्वतः जाऊन बदलते असं मी म्हटलं. आठ दिवस, बेचाळीस इमारती. प्रत्येक ठिकाणी दार सांभाळणाऱ्या माणसाला तेच सांगायचं: तुमच्या दाराचे आकडे बाहेर पडू शकत होते, चूक माझी. काही जण चिडले. बऱ्याच जणांनी नीट ऐकलंच नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "पण आलं तर नव्हतं ना कोणी?"

"नाही… बहुतेक."

"बहुतेक," ते स्वतःशीच म्हणाले, आणि दार लावून आतून कडी घातली. मग पुन्हा उघडून ती नीट लागते का ते बघितलं.

मी जिन्यातच थोडा वेळ बसले. वहिनीला काही कळवलं नाही. फोन हातात घेतला, ‘बहुतेक’ एवढं टाइप केलं आणि पुसलं.

त्याचा फोन आला नाही, मेसेज नाही. त्याच्या ऑफिसने त्याला झापलं, असं कानावर आलं. आमच्या साहेबांनी कळवलं होतं की दोन दिवस उशीर झालाय, तेव्हा फेरतपासणी फुकट हवी आणि ज्याने भोक पाहिलं त्यानेच ते बुजलेलं बघायला यावं.

तो दहाव्या दिवशी आला. लिफ्ट बंदच होती. मी जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये उभी होते. योगायोगाने नाही.

"नमस्कार," तो धापा टाकत म्हणाला. "इथे नेटवर्क येत नाही का?"

"ओळखपत्र दाखवा."

त्याने दाखवलं. मी फोटो बघितला, चेहरा बघितला, परत फोटो बघितला.

"फोटोत कान दिसत नाहीयेत," मी म्हटलं.

"केस वाढवून काढला होता. मुद्दाम." तो थांबला. बॅगेतून चौकोनी घडी केलेला कागद काढला. "हे आधी घ्या. तुमचं सगळं मी वाचलं. माझं तुम्ही काहीच वाचलेलं नाही. ते काही बरोबर नाही. त्या दिवसांत मी माझ्या ताईला काय काय लिहिलं असतं, ते आहे यात. तपासणीतलं बाहेर सांगायचं नाही, या ऑफिसच्या नियमामुळे लिहिलं नव्हतं. निदान तो एक नियम मी पाळला."

मी तिथेच, खिडकीच्या उजेडात वाचलं.

‘सोमवार. तिने पासवर्ड दिला. काम सोपं झालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. ही कोणालाही असाच देते का, याचंच वाईट वाटत राहिलं.

मंगळवार. माझे कान छान आहेत म्हणे. शाळेत मला दोन कानांचा कप म्हणायचे. मेसेज तीनदा वाचला. कामासाठी एकदा पुरला असता.

बुधवार. मोजे आणायला गेलो. दुकानदार म्हणाला कुठला रंग. मला बोलता येईना, समोर पिवळे होते. ती कोड वाचताना खालचा ओठ चावते. हे मी डबीतून नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

गुरुवार. आज सांगायचं. सांगितलं की ती पुन्हा असं काही लिहिणार नाही. म्हणून कालही सांगितलं नव्हतं. ताई, मी वाईट माणूस आहे का गं?’

मी कागदाची होती तशीच घडी केली. तो खिडकीबाहेर बघत होता, वर्गाबाहेर उभं केल्यासारखा.

"चला," मी म्हटलं. "तपासणी करायचीय."

छोट्या खोलीत त्याने डबी लावली, दाराला खुर्ची लावली. "कोणालाही काहीतरी पाठवा."

मी टाइप केलं. ॲपवर लाल पट्टी आली: ‘समोरच्याची ओळख पटली नाही. पाठवलं जाणार नाही.’

"वा," तो हळूच म्हणाला. मग त्याने खोट्या ओळखपत्राचं सोंग काढून घेतलं आणि मेसेज डबीतून नुसता पुढे जाऊ दिला. मी पुन्हा पाठवलं. त्याच्या स्क्रीनवर अक्षरांचा नुसता भुगा आला. तो त्या भुग्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"काहीच कळत नाहीये," तो म्हणाला. इतक्या उदासपणे, की पास झाल्याचं मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे ठीक आहे ना?"

"उत्तम आहे. कोणालाच वाचता येणार नाही." तो वहीत खूण करून थांबला. "काय लिहिलंय?"

"ते आता विचारावं लागेल."

"विचारतोय की."

"हे नाही. आधी दुसरं काहीतरी विचारायचं असतं."

त्याने चष्मा काढला. पुसायला लागला. काच स्वच्छ होती. "मी… म्हणजे तुम्हाला… ते दोन दिवस सोडून दिले, सोडून द्यावेत असं म्हणत नाही, पण…"

तेवढ्यात खुर्ची घसरत मागे आली आणि दार उघडलं. दारात वहिनी. तीन मजले चढून आलेली, एका हातात लिफ्टचं बटण, दुसऱ्या हातात फोन.

"काय गं, नुसतं ‘हो’?" ती धापा टाकत म्हणाली. "दहा दिवस तोंडात मूग, आणि आज एकदम ‘हो’! कशाला हो? काय विचारलं त्याने?"

मला वाटलं होतं माझ्या वाट्याची लाज संपली. नव्हती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वहिनीकडे. कान टोकापासून मुळापर्यंत लाल.

"अजून विचारलं नाही," तो म्हणाला.

"मग विचारा ना लवकर," वहिनी दाराला टेकून म्हणाली. "खाली गाडी भरायचीय मला."

तो विचारायला लागला. पहिल्याच वाक्यात तीनदा अडखळला, दोनदा ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणि परत ‘तुम्ही’वर गेला. वहिनी हलली नाही. मी त्याला मध्ये थांबवलं नाही. उत्तर पोहोचलेलं होतं, पण प्रश्न मला पूर्ण ऐकायचा होता.